विश्लेषण : हैदराबादच्या मल्लांचे आव्हान, सप्तशृंगीचा गड आणि एक लाकडी खांब… मल्लखांबाचे आद्य गुरू बाळंभटदादा देवधर कोण होते?

पेशव्यांच्या दरबारात कोणीही पुढे यायला तयार नसताना नाशिक जिल्ह्यातील एका तरुणाने कुस्तीचे आव्हान स्वीकारले, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते. पण त्या कुस्तीनंतर त्याने काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. खरी कामगिरी तिथेच सुरू होते.

देवळा (नाशिक) : चैत्रोत्सव आला की खान्देशातून पायी निघालेले भाविक देवळा-कळवण भागातून सप्तशृंगीच्या गडाकडे जाताना दिसतात. नांदुरीच्या पायथ्याशी पोहोचले की समोर सात शिखरांचा कडा उभा राहतो. नवस, दर्शन, खण-नारळ यासाठी प्रसिद्ध असलेल्या या गडाशी एका खेळाच्या पुनर्जन्माची कथाही जोडलेली आहे. तो खेळ म्हणजे मल्लखांब आणि त्या कथेचा नायक म्हणजे बाळंभटदादा देवधर.

एखाद्या मोठ्या प्रशिक्षकाचे मोठेपण सहसा त्याने जिंकून दिलेल्या सामन्यांवर मोजले जाते. बाळंभटदादांच्या नावावर लोक एकच सामना सांगतात. तरीही दोनशे वर्षांनंतर मुंबई, पुणे, अमरावती, उज्जैनपासून युरोप-अमेरिकेपर्यंत खांबावर चढणारी मुले त्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच चढतात. हे कसे घडले, ते समजून घेऊया.

थोडक्यात

• जन्म : १७८० च्या सुमारास, कोठुरे (आताचा निफाड तालुका, जि. नाशिक)
• काळ : दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची कारकीर्द आणि त्यानंतरचा काळ
• ओळख : कुस्तीगीर, व्यायामशिक्षक, मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे गुरू
• कर्मभूमी : पुणे, नंतर ब्रह्मावर्त (बिठूर) आणि काशीची परंपरा
• वारसा : अढी, दसरंग, फिरकी, वेल, उतरती अशा प्रकारांतून शिकवला जाणारा मल्लखांब

कोण होते बाळंभटदादा देवधर?

बाळंभटदादा हे गोदाकाठच्या निफाड भागातील कोठुरे गावचे. नावातील ‘भट’ हा त्यांच्या ब्राह्मण घराण्याचा निर्देश करतो, तर ‘दादा’ ही आखाड्याने दिलेली आदराची पदवी आहे. त्या काळात भिक्षुकी करणाऱ्या घरातील मुलाने पोथीबरोबर जोर-बैठकाही काढाव्यात, यात नवल काहीच नव्हते. पेशवाईत पुण्यातील अनेक घरांत नमस्कार, जोर, बैठका आणि जोडी फिरवणे हा रोजच्या दिनक्रमाचा भाग होता.

इथे एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. मोबाइलवर ‘देवधर’ आणि ‘खेळ’ असे शोधले की क्रिकेटमधील देवधर करंडक समोर येतो. तो करंडक पुण्याचे क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या नावाने आहे. त्यांचा जन्म १८९२ चा. बाळंभटदादा त्यांच्यापेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी आधीचे. दोघांचे क्षेत्र वेगळे आणि काळही वेगळा.

ती प्रसिद्ध कुस्ती नेमकी काय होती?

दुसरे बाजीराव डिसेंबर १७९६ मध्ये पेशवे झाले. त्याच्या जेमतेम पावणेदोन वर्षे आधी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता. रणांगणावरील हिशेब मिटला तरी दरबारांमधील चुरस संपलेली नव्हती. गवई, शाहीर, शास्त्री आणि पैलवान हे त्या काळी दरबाराची शान असत. आपल्या पदरी किती कसबी माणसे आहेत यावरूनही राज्याचा मान ठरत असे.

अशा वातावरणात हैदराबादकडून अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले, असे परंपरा सांगते. हे दोघे एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात. तिथल्या मल्लांना आव्हान देत. कोणी लढायला उतरले तर कुस्ती, कोणी उतरले नाही तर विजयपत्र. म्हणजे तुमच्याकडे आमच्या तोडीचा मल्ल नाही, असे लेखी कबूल करून द्यायचे. पुण्यातही त्यांनी हेच मागितले.

दोघांची ख्याती आणि अंगलट पाहून पुण्यातील मल्ल मागे सरले. विजयपत्र लिहून देण्याची वेळ आली, तेव्हा बाळंभट नावाचा तरुण पुढे झाला. मिसरूड फुटण्याच्या वयाचा हा पोरगा पाहून बाजीरावांनाही शंका वाटली असावी. पण दरबाराकडे दुसरा पर्याय नव्हता. बाळंभटांनी तयारीसाठी मुदत मागितली आणि ती मिळाली.

मुदत घेऊन ते कुठे गेले? ते नाशिक जिल्ह्यात परतले आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर राहिले. तिथे त्यांनी देवीची उपासना केली आणि कसून मेहनत केली. पुण्याला परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले. ते पाहून गुलाबने लढायचे नाकारले. विजयपत्र देण्याची वेळ टळली आणि बाळंभट एका दिवसात पुण्यात सर्वांच्या तोंडी झाले. पुढे ते बाजीरावांच्या पदरी राहिले.

गडावर नेमके काय घडले?

या प्रश्नाचे उत्तर भक्त एका पद्धतीने देतात आणि आखाड्यातील माणसे थोड्या वेगळ्या पद्धतीने.

आख्यायिका अशी की, देवी प्रसन्न झाली आणि तिच्या कृपेने बाळंभटांना माकडाच्या रूपात गुरू भेटला. ते माकड खांबावर झेप घेई, पायांनी खांबाला विळखा घाली, उलटे होई, फिरे आणि अलगद खाली येई. बाळंभटांनी त्या हालचाली पाहिल्या, स्वतः खांबावर करून पाहिल्या आणि त्यातून कुस्तीतील पकडींचा सराव साधला. म्हणूनच मल्लखांब शिकणारे आजही मारुतीला नमस्कार करून खांबाला हात लावतात.

आता हीच कथा दैवी भाग बाजूला ठेवून वाचली, तर काय उरते? एका मल्लासमोर त्याच्यापेक्षा वजनदार आणि अनुभवी प्रतिस्पर्धी आहे. हातात मोजके दिवस आहेत. गडावर सरावाला जोडीदार नाही. अशा वेळी तो लाकडालाच जोडीदार करतो. माकडांची गडावर वाण नाही, हे तिथे गेलेला प्रत्येक जण जाणतो. त्यांच्या चपळाईचे निरीक्षण करणे आणि ते आपल्या कुस्तीत उतरवणे, हे चौकस प्रशिक्षकाचेच लक्षण मानावे लागेल.

श्रद्धेने पाहिले तरी आणि तर्काने पाहिले तरी, कथेतील एक गोष्ट बदलत नाही. गडावरून उतरताना बाळंभटांकडे एखादा छुपा डाव नव्हता. त्यांच्याकडे सरावाची नवी पद्धत होती. डाव एका कुस्तीपुरता कामी येतो, पद्धत पिढ्यान् पिढ्या.

मल्लखांब त्यांनीच शोधला का?

नाही. खांबावर व्यायाम करण्याची कल्पना त्यांच्या कितीतरी आधीची आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकीच्या प्रकारांमध्ये त्यात मल्लांच्या कुस्तीचे वर्णन येते. मल्लांनी कोणकोणते श्रम करावेत, याची यादीही त्यात आहे. वजन उचलणे, चालणे, पाण्यातील व्यायाम यांच्या जोडीला त्यात ‘स्तंभश्रम’ येतो. स्तंभश्रम म्हणजे खांबावरचा व्यायाम.

मधल्या सहा-सातशे वर्षांत हा प्रकार मागे पडला. मल्ल कुस्ती खेळत राहिले, खांब मात्र विस्मरणात गेला. बाळंभटदादांनी तो पुन्हा आखाड्यात उभा केला आणि त्याचे रीतसर शिक्षण सुरू केले. त्यामुळे त्यांना मल्लखांबाचे जनक म्हणण्यापेक्षा पुनरुज्जीवक किंवा आद्य गुरू म्हणणे अधिक बरोबर ठरते.

खांब कुस्ती कशी शिकवतो?

मल्लखांबाचा खांब साधा दिसतो. सागवान किंवा शिसवीचा सोट जमिनीत पुरलेला असतो. बुंध्याशी जाड, वर जाताना निमुळता. वरच्या टोकाला बारीक मान आणि तिच्यावर बोंड. म्हणजे अंग, मान आणि डोके. रचना पाहिली की हा खांब नसून उभा प्रतिस्पर्धीच आहे, हे लक्षात येते.

खऱ्या जोडीदाराबरोबर सराव करण्यात काही अडचणी असतात. तो दमतो. त्याला दुखापत होते. एकच पकड त्याच्यावर पन्नास वेळा करता येत नाही. खांबाला यातील कशाचाच त्रास नाही. त्याच्या कमरेला मिठी मारा, मानेला कोपराचा विळखा घाला, मांड्यांनी आवळा, तो जागचा हलत नाही. चूक झाली तर मात्र तो ती लगेच दाखवतो. पकड सैल पडली की माणूस घसरून खाली येतो.

इथे थोडे भौतिकशास्त्र पाहू. खांबावर टिकून राहायचे म्हणजे शरीराचे वजन घर्षणाने तोलायचे. घर्षण दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत आहे आणि दुसरी म्हणजे तुम्ही किती जोराने दाबता. मल्लखांबाला एरंडेल तेल लावतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही, पण घर्षण कमी होते. मग टिकून राहण्यासाठी एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अधिक जोराने आवळणे. कुस्तीत घामाने निसरडा झालेला प्रतिस्पर्धी धरून ठेवायलाही नेमकी हीच ताकद लागते.

दुसरी गोष्ट तोलाची. खांबावर शरीर उलटे, आडवे, तिरके होते तेव्हा गुरुत्वमध्य सतत जागा बदलतो. तो खांबाच्या जितका जवळ, तितकी पकड सोपी. तो जितका लांब, तितका पकडीवर ताण जास्त. म्हणून पाय पसरून शरीर आडवे धरण्याचे प्रकार दिसायला सुंदर आणि करायला अवघड असतात. शिकणाऱ्याला यातील एकही शब्द माहीत नसला तरी चालते. खांब त्याच्या शरीराला हे सगळे शिकवतो.

शिकवण्याची पद्धत कशी आहे?

मल्लखांबाच्या परंपरेने जपलेली सर्वात मोलाची ठेव म्हणजे त्यातील प्रकारांची वर्गवारी. सलामी, उडी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, झाप, फरारे, ताजवे, आसने अशी नावे आखाड्यात आजही रोज ऐकू येतात. प्रत्येक नावाखाली सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मालिका असते.

यातील अढी हा पाया. हातांनी खांब धरून, उलटे होत, दोन्ही पायांनी खांबाला कैची घालायची. ही पकड पक्की झाली की हात मोकळे होतात. फिरकीत खांबाभोवती गिरकी घ्यायची. वेल नावाप्रमाणेच खांबाला वळसे घेत वर चढतो. सुईदोऱ्यात शरीर आपल्याच हाताच्या वेढ्यातून ओवून काढायचे. उतरतीत डोके खाली ठेवून एकेक पकड सोडत खाली यायचे. ताजव्यात खांबाच्या माथ्यावर तोल साधायचा.

या वर्गवारीचा फायदा काय? समजा, एक वस्ताद काशीत आहे आणि दुसरा बडोद्यात. दोघांची कधी भेट झालेली नाही. तरीही ‘साधी अढी’ म्हटले की दोघांच्या शिष्यांना एकच हालचाल कळते. शिक्षण एका माणसाच्या अंगात अडकून राहत नाही. ते नावांच्या आणि क्रमाच्या आधाराने पुढे जाते. विसाव्या शतकात बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले. आखाड्यांनी तोंडी जपलेले हे ज्ञान कागदावर आणण्याचे मोठे काम त्यांनी केले.

हे बाळंभटदादांच्या मोठेपणाचे खरे गमक आहे. पूर्वीच्या अनेक वस्तादांविषयी एक समज होता की, ते शेवटचा डाव शिष्यालाही शिकवत नाहीत. बाळंभटदादांच्या नावाने मात्र लपवलेला डाव कोणी सांगत नाही. लोक सांगतात ती शिष्यांची नावे आणि आखाड्यांची गावे.

अली-गुलाबची गोष्ट हिंदू-मुस्लिम कुस्ती होती का?

समाजमाध्यमांवर ही कथा अनेकदा धर्माच्या चौकटीत फिरवली जाते. त्या काळाकडे पाहिले तर ही चौकट बसत नाही. आव्हान दोन दरबारांच्या प्रतिष्ठेचे होते. कसबी मल्ल जिथे कदर होईल तिथे जात आणि मराठा संस्थानांच्या पदरी मुस्लिम मल्लही असत.

मल्लखांब आणि आखाड्याची भाषाच याची साक्ष देते. ‘वस्ताद’ हा फारसीतील ‘उस्ताद’चा मराठी अवतार. ‘पैलवान’ हा शब्दही फारसीतूनच आला. ‘तालीम’ म्हणजे अरबीत शिक्षण. खांबावर चढण्यापूर्वीची ‘सलामी’ही त्याच वाटेने मराठीत आली. ‘मल्ल’ हा शब्द संस्कृत, ‘अढी’ आणि ‘वेल’ घरचे मराठी. हे सगळे एकाच खांबावर सुखाने नांदतात. पुढे बडोद्यात याच भारतीय व्यायामविद्येचा मोठा प्रसार करणारे राजरत्न प्रो. माणिकराव हे जुम्मादादा या वस्तादांचे शिष्य होते. आपल्या संस्थेला त्यांनी गुरूचेच नाव दिले. आखाड्यात माणसाची ओळख त्याच्या गुरूवरून होत असे.

पेशवाई बुडाल्यावर काय झाले?

इथे बाळंभटदादांच्या आयुष्यातील सर्वात मोठी परीक्षा येते. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. जून १८१८ मध्ये बाजीरावांनी सर जॉन माल्कम यांच्यापुढे शरणागती पत्करली. वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा ठरला आणि त्यांना पुण्यापासून दूर, गंगेकाठी कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला म्हणजे बिठूरला पाठवण्यात आले. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण फडकले.

दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या शाहीर, गवई, कारागीर आणि मल्लांचे पुढे काय, हा प्रश्न त्या वर्षी पुण्यातील हजारो घरांसमोर होता. राजाश्रय गेला की कला मरते, हा नेहमीचा अनुभव. मल्लखांबाच्या बाबतीत तसे झाले नाही.

बाजीरावांबरोबर उत्तरेला गेलेल्या मराठी मंडळींबरोबर मल्लखांबही गेला. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब, तात्या टोपे आणि मनू म्हणजे पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाई यांनी मल्लखांबाचे धडे घेतले, असे परंपरा सांगते. काशीत बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेने आखाडे उभे केले. कोंडभटनाना गोडबोले हे या परंपरेतील महत्त्वाचे नाव. काशीच्या घाटांवर मराठी घराण्यांची जुनी वस्ती होती. तिथे वेदपाठशाळांच्या शेजारी आखाडेही चालत.

नव्या जागेत नवे प्रश्न होते. दाट वस्तीत, दगडी फरसबंदीवर खांब पुरायचा कुठे? अशा गरजेतून वेताचा मल्लखांब पुढे आला, असे जाणकार सांगतात. छताला वेत टांगायचा आणि त्यावर पकडी करायच्या. पुढे वेताची जागा सुती दोरीने घेतली. आज दोरीचा मल्लखांब हा स्वतंत्र प्रकार आहे. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरून, एकही गाठ न मारता, मुली हवेत आसने करतात. त्याच्या मुळाशी परगावी गेलेल्या गुरु-शिष्यांची ही अडचण आहे.

त्याच काळात जगात काय घडत होते?

बाळंभटदादा पुण्यात खांब उभा करत होते, साधारण त्याच काळात युरोपातही दोन शिक्षक असाच विचार करत होते. जर्मनीत फ्रीडरिश लुडविग यान (१७७८-१८५२) यांनी १८११ मध्ये बर्लिनच्या हाझेनहाइडे भागात खुले व्यायाममैदान सुरू केले. आजच्या जिम्नॅस्टिक्समधील आडवा बार, समांतर बार या साधनांचा प्रसार तिथून झाला. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग (१७७६-१८३९) यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली.

यान आणि बाळंभटदादा हे जवळजवळ एकाच वयाचे. दोघांनी साध्या लाकडातून शरीर घडवण्याची पद्धत तयार केली. दोघांच्या कामावर राजकारणाने घाला घातला. १८१८ मध्ये पुण्याचा दरबार संपला. १८१९ मध्ये यान यांना अटक झाली आणि प्रशियात त्यांच्या मैदानांवर बंदी आली, ती १८४२ पर्यंत टिकली. दोन्हीकडे शिष्य विखुरले आणि विखुरताना विद्या सोबत घेऊन गेले.

फरक एवढाच की, यान यांनी पुस्तक लिहिले, पुढे सरकारी शाळांनी त्यांची पद्धत उचलली आणि तिचे ऑलिम्पिकमधील जिम्नॅस्टिक्स झाले. बाळंभटदादांची पद्धत तोंडातून कानात आणि हातातून हातात गेली. त्यामुळे यान यांचे पुतळे आणि चरित्रे आहेत, तर बाळंभटदादांच्या वाट्याला एक कुस्तीची गोष्ट आली.

पण इतिहासात एक सुंदर योगायोग आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ मध्ये ऑलिम्पिकच्या निमित्ताने जर्मनीला गेला. तिथे त्यांनी कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यात मल्लखांबही होता. हे शहर होते बर्लिन. म्हणजे यान यांचेच गाव.

राजाश्रयाशिवाय खेळ टिकला कसा?

याचे एक कारण अगदी व्यवहारी आहे. मल्लखांब स्वस्त आहे. एक खांब, थोडे एरंडेल आणि मऊ मातीची जागा एवढेच भांडवल. एका मुलाची पाळी मिनिट-दीड मिनिटाची. तासाभरात तीस-चाळीस मुले एकाच खांबावर सराव करू शकतात. ना घोडा पोसायचा, ना हत्यार घ्यायचे.

हत्याराचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांचे बारीक लक्ष होते आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यार बाळगण्यावर कडक बंधने आली. तलवार-भाला शिकवणे अवघड झाले, पण खांबावर चढणाऱ्या मुलांना कोण अडवणार? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात व्यायामशाळांची लाट आली तेव्हा मल्लखांब प्रत्येक ठिकाणी हजर होता. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले. मुंबईत दादरला १९२५ मध्ये श्री समर्थ व्यायाम मंदिर उभे राहिले.

दुसरे कारण मराठी माणसांच्या स्थलांतराचे. ग्वाल्हेर, इंदूर, धार, उज्जैन, बडोदा, काशी अशा जिथे जिथे मराठी वस्ती होती, तिथे आखाडा होता. म्हणूनच हा खेळ आज मध्य प्रदेशातही तितकाच रुजलेला दिसतो. मध्य प्रदेशने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला.

आज मल्लखांब कुठे आहे?

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये दिल्लीतील राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांबाचे प्रात्यक्षिक झाले. १९८१ मध्ये उज्जैनला अखिल भारतीय पातळीवर स्वतंत्र स्पर्धा झाली आणि राष्ट्रीय महासंघ आकाराला आला. नियम, गुण, साधनांची मापे ठरली. पुरलेला, टांगता आणि दोरीचा असे तीन मुख्य प्रकार स्पर्धेत आले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि परदेशी खेळाडूंनी मराठी नावांचे प्रकार सादर केले. त्यानंतर खेलो इंडिया युवा स्पर्धेत आणि २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मल्लखांबाचा समावेश झाला. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात अनेक दशके शिकवणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हिमानी परब आणि सागर ओव्हळकर यांच्यासारख्या मल्लखांबपटूंना अर्जुन पुरस्कार मिळाले. नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेत आजही मुले-मुली खांबावर सराव करतात.

तरीही एक तिढा सुटलेला नाही. मल्लखांब अजून ऑलिम्पिकमध्ये नाही. शाळांमध्ये तो बहुतेक वेळा स्नेहसंमेलनातील मनोऱ्यांपुरता उरतो. टीव्हीवरील स्पर्धांमध्ये तो चित्तथरारक कसरत म्हणून दाखवला जातो. हा मुळात शिकवण्याचा एक क्रम आहे, ही गोष्ट टाळ्यांच्या गजरात मागे पडते.

बाळंभटदादांकडून आजच्या प्रशिक्षकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट, साधन नाही म्हणून सराव थांबत नाही. जोडीदार नव्हता तेव्हा त्यांनी लाकूड वापरले. त्यांच्या शिष्यांना खांब पुरता आला नाही तेव्हा त्यांनी वेत टांगला.

दुसरी गोष्ट, निरीक्षण. गडावरील माकडे सगळ्यांनाच दिसत होती. त्यांच्याकडून पकड शिकता येईल, हे एकालाच सुचले.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट, विद्या वाटून टाकणे. १८१८ मध्ये दरबार गेला, वाडा गेला, तनखा गेला. मल्लखांब फक्त बाळंभटदादांच्या अंगात असता, तर तो त्यांच्याबरोबर संपला असता. तो शिष्यांच्या अंगात उतरला होता, म्हणून पुणे सोडतानाही तो मागे राहिला नाही.

सप्तशृंगीच्या गडावर दरवर्षी लाखो भाविक येतात. त्यातील फार थोड्यांना बाळंभटदादांचे नाव माहीत असते. कोठुरे आणि गड ही दोन्ही ठिकाणे नाशिक जिल्ह्यातच, एका दिवसात पाहून होतील अशी. आपल्या मुलाला व्यायामशाळेत घालण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी दर्शनानंतर ही गोष्टही त्याला सांगायला हरकत नाही. फक्त ती अलीला चीत करण्यापाशी संपवू नये. त्यानंतर बाळंभटदादांनी खांब उभा केला आणि दुसऱ्याला त्यावर चढायला शिकवले, तिथपर्यंत सांगावी.